कैलासवासी विश्वासराव, मुक्काम तेजपूर

चामराजपेट, बंगळूर
७ जानेवारी १९६३

कैलासवासी विश्वासराव मोहिते यांस, मुक्काम तेजपूर, आसाम.

मेलेल्या नवऱ्याला पत्र लिहायचं तर वर काय घालावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून आजवर जे खरं म्हणून चालत आलं तेच घातलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी ते वीस वर्षं दर खंडेनवमीला भवानीच्या देवळात सगळ्यांदेखत घेत आले आहे. वीराची विधवा म्हणून मला तेवढा मान आहे. तेव्हा आता लाजण्यात अर्थ नाही.

विठोजी परवा रजेवर आला. जेवायला बसला आणि पहिला घास हातातच धरून म्हणाला, "वैनी, अण्णा जिवंत आहे." मला वाटलं, लढाईत पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. मग त्यानं सगळं सांगितलं. नोव्हेंबरात चिनी खाली उतरताहेत अशी बातमी आली आणि सगळं तेजपूर ब्रह्मपुत्रेच्या घाटाकडे सुटलं. विठोजी पलटणीचा ट्रक घेऊन निघाला होता. एक माणूस ट्रंक घेऊन न विचारता मागे चढला. जवानांनी त्याला खाली ओढला, तेव्हा तो आपल्याशीच पुटपुटला, "स्वल्प थांबा की रे, उतरतो." आसामात आपल्या गल्लीचं मराठी बोलणारा हा कोण, म्हणून विठोजीनं मागे वळून पाहिलं. उजव्या भुवईत खाच. ती लहानपणी त्यानंच गोटी मारून पाडलेली.

तुम्ही म्हणे त्याचे पाय धरलेत. घरी सांगू नको म्हणून शपथ घातलीत. त्यानं शपथ घेतली, आणि घरी येऊन पहिल्या घासाला मोडली. पत्ताही आणला. तुमच्या ट्रंकेवर तो पांढऱ्या रंगानं ठळक लिहिला होता म्हणे.

दोन लढाया झाल्या, दोन नद्यांचे घाट झाले, आणि दोन्ही घाटांवर तुम्ही सगळ्यांच्या आधी. ट्रंक मात्र विसरला नाहीत.

आता माझं ऐका. बेचाळीस सालच्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशात इरावतीच्या घाटावर जपानी विमानांनी आपल्या खेचरांच्या कंपनीवर हल्ला केला, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पावसाळ्यात घाटगे, जे पुढे सुभेदार झाले, आपल्या दारात आले आणि त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत खंडोबाचा टाक होता. आपल्याच घरचा, चांदीच्या पत्र्यावर देव उठवलेला, मागे मोहित्यांची खूण. पलटणीत जाताना मामंजींनी तो तुमच्या गळ्यात घातला होता आणि प्राण गेला तरी काढायचा नाही असं बजावलं होतं. घाटगे म्हणाले, "चेहरा ओळखू येत नव्हता. पण टाक होता. मी स्वतः अग्नी दिला." मग कुणाला शंका येणार? आपल्यात टाक कुणी कुणाला देत नाही. मामंजींनी तो देव्हाऱ्यात वीर म्हणून बसवला. माझ्या बांगड्या तुमच्या आईनं फोडल्या. विमला तेव्हा माझ्या मांडीवर होती, ती काचांच्या आवाजाला हसली.

गल्लीतल्या मंडळींनी यंदा देवळाच्या पटांगणात दगड उभा करायचं ठरवलंय. घाटावर पडलेल्यांची नावं त्यावर येणार, आणि तुमचं सगळ्यात वर. खंडेनवमीला उघडणार आहेत.

मला तुम्हाला एकच विचारायचंय. तुम्ही जिवंत आहात, तर घाटगेंनी अग्नी कुणाला दिला?

सकवार


११ मार्च १९६३

कैलासवासींस,

तुमचं पत्र आलं. वर 'सौभाग्यवती' लिहिलंय. तो शब्द वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि कामाला निघून गेले. पलटणीच्या कपड्यांना काजं करायचं काम आहे माझं, तुम्हाला माहीत नसणार. खाकी सदऱ्यांची चळत समोर असते आणि मी सुई चालवत असते. त्या दिवशी तीनदा बोटात गेली.

तुम्ही लिहिता, बॉम्बच्या दणक्यानं तुमची स्मृती गेली. आपण कोण, कुठले, काही आठवेना. बरं. मग त्याच पत्रात खाली माझ्या हातच्या अवरेकाळूच्या उसळीची आठवण कशी काय निघाली? देवळातल्या घंटेचा आवाज आठवतो, चिक्कपेटेतला वडे तळणारा आठवतो, मी पहिल्या दिवाळीला नेसलेली साडी आठवते. फक्त आपल्याला बायको आहे आणि घरी पत्र टाकायचं असतं, एवढंच नेमकं विसरलात. मोठी सोयीची स्मृती हो तुमची.

तिथं बाई आहे का, हे मी विचारलं नव्हतं. तुम्हीच सांगितलंत की होती आणि वारली. त्या बाईबद्दल माझ्या मनात काही नाही. तिनं तुम्हाला दुसऱ्याच कुणाच्या नावानं ओळखलं असेल.

मी जे विचारलं त्याला मात्र तुम्ही बगल दिलीत. तेव्हा मीच सांगते. कंपनीतली मेलेली माणसं सगळी ओळखली गेली होती. हिशोबात एकच माणूस सापडत नव्हता, सोयराबाईंचा उमाजी. प्रेत नाही, खबर नाही. पळाला असणार, असं सगळे म्हणाले, आणि सरकारनंही तेच धरलं. गल्लीतनं एकाच दिवशी, एकाच ट्रकमधनं दोघे मित्र लढाईवर गेलात. एक वीर झाला, एक पळपुटा.

उमाजीच्या आईचे काय हाल झाले ते ऐका. नवरा वर्षभरात त्या धक्क्यानं गेला. तुमच्या आईनं, जिच्या ओटीवर उमाजी लहानाचा मोठा झाला, तिनं सोयराबाईंच्या हातचं पाणी घेणं सोडलं. त्या मार्केटापाशी केळीची पानं विकतात. गिऱ्हाईक पानं चाळत चाळत म्हणतं, "पळपुट्याची आई, पानं तरी ताजी देतेस ना?" खंडेनवमीला सगळी गल्ली देवळात असते. म्हातारे शिपाई पदकं लावून रांगेत बसतात, बायका त्यांना ओवाळतात. सोयराबाई त्या दिवशी दार लावून घेतात.

विमलाचं सुभेदार घाटगेंच्या मुलाशी जमतंय. घाटगेंना दुसरं काही नको, फक्त वीराची मुलगी हवी.

आता सरळ लिहा. टाक तुमच्या गळ्यातनं कसा निघाला? पुन्हा स्मृतीचं नाव काढलंत तर विठोजीला तिथं पाठवीन.

सकवार


१९ मे १९६३

विश्वासराव,

यापुढे कैलासवासी लिहिणार नाही. कारण खाली येईल.

तुमचं पत्र मी एकदाच वाचलं. पुन्हा वाचायची गरज नाही, पाठ झालंय. तरी मी ते तुम्हाला परत सांगते, म्हणजे तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळेल.

रंगून पडलं होतं, सगळे मागे हटत होते. घाटावर तराफ्यांची वाट बघत तुमची कंपनी वाळूत थांबली होती. खेचरं लांब दोरांना ओळीनं बांधलेली, पाठीवर दारूगोळ्याच्या पेट्या. दुपारी विमानं आली आणि पहिल्याच फेरीत पेट्यांना आग लागली. घाटगे ओरडले, दोर कापा. प्रत्येकाची ओळ ठरलेली होती. उमाजीनं आपली ओळ कापून मोकळी केली आणि तो झाडीकडे निघाला. तिथं त्याला तुम्ही दिसलात. तुम्ही आधीच झाडीत होता, आणि तुमची ओळ तशीच बांधलेली, जळत, किंचाळत होती. उमाजीनं तुमच्याकडे पाहिलं. मग तो कोयता घेऊन तुमच्या ओळीकडे परत गेला. अर्धी खेचरं सुटली तेवढ्यात विमानं फिरून आली.

इथवर मला समजतं. भीती कुणालाही वाटते. मी इथं घरात बसून, विमान कधी डोक्यावरनं न गेलेली बाई, तुमच्या भीतीला काय नावं ठेवू? तुम्ही घरी परत आला असतात तर गल्लीतल्या तोंडांना मी एकटी पुरी पडले असते.

पण तुम्ही पळून गेल्यावर संध्याकाळी परत आलात, तेव्हा कुणी नव्हतं. उमाजी तुमच्या खेचरांमध्ये पडला होता. तुम्ही त्याच्या गळ्यातला टाक काढला आणि तुमचा टाक त्याच्या गळ्यात बांधला. हात थरथरत होते असं लिहिलंय. घाटगे सांगतात, गाठ इतकी पक्की होती की दोरा कापावा लागला.

तुमच्या जागी मेलेल्या माणसाचं मरण तुम्ही चोरलंत. त्याच्या आईला तुमची लाज नेसवलीत आणि त्याचा मान तुमच्या आईच्या देव्हाऱ्यात आणून बसवलात. वीस वर्षं मी ज्या टाकाला दूध घालून, पुसून, फूल वाहून नमस्कार केला, तो उमाजीच्या छातीवर होता. मी नमस्कार कुणाला करत होते?

मला तुमचा सूड घ्यायचाय. हे मी शांत डोक्यानं लिहितेय. तुमच्यावर माणूस घालायचा नाही, तुम्हाला शाप द्यायचा नाही. मेलेल्याचं काय वाईट करणार? म्हणून आधी मी तुम्हाला जिवंत करणार. वीराच्या नावामागे तुम्ही जे आरामात बसलात, तिथनं तुम्हाला केसाला धरून बाहेर काढणार.

खंडेनवमीला बंगळूरला या. दगडासमोर उभे राहा. घाटगे असतील, घाटावरचे उरलेले सगळे म्हातारे असतील, सोयराबाईंना मी आणीन. तिथं तुमच्या तोंडानं सांगा की तुमच्या ओळीचा दोर उमाजीनं कापला आणि तुम्ही झाडीत होता. मग तुम्हाला जे करायचं ते करा.

आला नाहीत, तर मी कुंकू लावून देवळात जाईन. मग तुम्ही जिवंत आहात हे कुणाला सांगायला लागणार नाही.

उमाजीच्या गळ्यातला टाक कुठंय?

सकवार


२४ ऑगस्ट १९६३

विश्वासराव,

पार्सल मिळालं. कापसात गुंडाळलेला उमाजीचा टाक आणि बरोबर अर्धा शेर चहा. चहा मी गटारात ओतला.

टाक मोडून खाल्ला नाहीत, एवढी एक बरी गोष्ट केलीत. मागची खूण अजून स्पष्ट आहे. सोयराबाईंच्या घरचीच.

तुम्ही येणार नाही, असं चार पानांत लिहिलंय. गुडघे दुखतात, चहाच्या मळ्याचा साहेब रजा देत नाही, प्रवास लांबचा. आणि शेवटी, दसरा उलटून गेल्यावर मी गुपचूप येतो, तुला आणि विमलाला इकडे घेऊन येतो, इथं कुणी ओळखत नाही, आपण सुखानं राहू. वाचून मला हसू आलं. मी इतकी मोठ्यानं हसले की शेजारची विचारायला आली. तुमची सुखाची जागा म्हणजे जिथं कुणी ओळखत नाही ती.

विठोजी माझ्या मागे लागलाय. "वैनी, स्वल्प दम धरा. पोरीचं लगीन होऊ दे, मग काय करायचं ते करा. मी आहे की." मी म्हटलं, लग्नानंतर तिचं बाळंतपण येईल, मग बारसं येईल, मग घाटगेंचं म्हातारपण येईल. सोयराबाई सत्तरीला आल्या. त्या गेल्यावर दगडावर काय कोरायचं? तुमचा भाऊ चांगला माणूस आहे. तुमच्या आईबापांना एक तरी धड निपजला.

विमलाला मी सगळं सांगितलं. ती टेलिफोनच्या कारखान्यात कामाला जाते, बोलायला खडखडीत आहे. तुमच्यावर गेली नाही. ती म्हणाली, "आई, वीराची मुलगी म्हणून मला त्या घरात जायचंच नाही. पण मला न विचारता तू काही मोडायचं नाहीस." मी विचारलं, मोडू का? उत्तर म्हणून ती काल कामावरनं येताना हिरव्या बांगड्या घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, "मापाच्या आहेत का बघ."

दगड आलाय. पटांगणात गोणपाट टाकून ठेवलाय. पाथरवट नावं कोरतोय. मी जाऊन तुमच्या नावावर बोट फिरवून आले. छान खोल कोरलंय. काढायला वेळ लागेल, पण लागू दे.

सकवार


खंडेनवमी, १९६३

विश्वासराव,

तुम्ही जिवंत झालात. आज सकाळी, देवळात, सगळ्यांसमोर. बरं वाटतंय का?

मला झोप येणार नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

मी न्हाले, हिरवी साडी नेसले, विमलानं बांगड्या भरल्या. कुंकू मी स्वतः लावलं. वीस वर्षांत हात विसरला होता, जरा तिरकं लागलं, तसंच ठेवलं. आधी सोयराबाईंकडे गेले. त्या बाजारातनं लवकर परतून दार लावून घ्यायच्या बेतात होत्या, काखेत उरलेल्या पानांची चळत. माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, माझ्याबरोबर देवळात चला, उमाजीसाठी चला. त्या काही न विचारता आल्या. पानांची चळत तशीच काखेत.

पटांगण भरलं होतं. शस्त्रं मांडलेली, झेंडूच्या माळा, पुढच्या रांगेत म्हातारे शिपाई, पदकं चकचकीत घासलेली. मी आत गेले तेव्हा आधी बायकांच्या लक्षात आलं. त्या बाजूला झाल्या. मग पुरुषांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "अक्का, हे काय करून घेतलंस?"

मी म्हटलं, "नवरा जिवंत असताना बाईनं कुंकू लावू नये काय?"

विश्वासराव, मग मी सगळं सांगितलं. घाट, दोर, झाडी, टाक. एक शब्द गाळला नाही आणि एक वाढवला नाही. तुमचं पत्र चोळीत होतं, ते काढावं लागलं नाही. विठोजी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी बघितलं. अण्णाच. माझे पाय धरले त्यानं." बोलताना रडत होता.

घाटगे उठले. त्यांची काठी खाली पडली. म्हणाले, "मग मी अग्नी दिला तो कोण?" मी उमाजीचा टाक सोयराबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, उलटा केला, मागची खूण बघितली. घाटगे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि सलाम केला. मागची सगळी रांग उठली. ज्यांना धड उभं राहवत नाही तेही एकमेकांना धरून उठले. ज्या बाईला तुमच्या आईनं दारातनं परत पाठवलं तिला बंगळूरच्या सगळ्या म्हाताऱ्या शिपायांनी सलाम केला. मी ओवाळणीचं ताट घेतलं आणि त्या सगळ्यांना ओवाळलं. सवाष्ण आहे ना मी, मला कोण अडवणार?

मग घाटगेंनी पाथरवटाला बोलावून तुमच्या नावावर बोट ठेवलं. छिन्नीचा पहिला घाव बसला आणि माझ्या अंगातनं जी गार लहर गेली, तिला मी सुख म्हणते. इतकं सुख मला लग्नात झालं नव्हतं. तुमचं नाव जाऊन तिथं उमाजीचं येणार. परवापासून कोरायला घेतील.

सोयराबाई काही बोलल्या नाहीत. आनंदानं माणसाची वाचा बसते, तसं झालं असणार. मी त्यांना घरापर्यंत पोचवलं.

घाटगेंच्या घरनं निरोप आलाय, लग्नाचं दिवाळीनंतर बघू. बघा म्हणावं.

पेन्शन बंद करा म्हणून उद्या अर्ज देणार आहे, तुमच्या पत्त्यासकट. गल्लीत पोरंसुद्धा तुमचं नाव घेताहेत. वीर म्हणून नव्हे. आता तिकडं मळ्यावर निजा, आणि इकडं तुम्ही काय म्हणून जिवंत आहात ते आठवा.

सकवार


दिवाळीच्या तोंडावर, १९६३

विश्वासराव,

तुमची तार आज सकाळी आली. "निघतो आहे. सगळ्यांसमोर सांगीन." मी लगेच पोस्टात जाऊन "येऊ नका" अशी तार केली. ती मिळाली नसेल तर हे पत्र तरी मिळावं. अजून निघाला नसलात तर निघू नका. कारण सांगते.

खंडेनवमीनंतर पाथरवट उमाजीचं नाव कोरायला बसला, तर सोयराबाई त्याच्या आधी तिथं. दगडाला पाठ लावून बसलेल्या. त्याला म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाव कोरायचं नाही." पाथरवट घाटगेंना घेऊन आला, घाटगे मला घेऊन गेले. मला वाटलं, म्हातारीला समजलं नाही. मी शेजारी बसले, पुन्हा सगळं सांगायला लागले. उमाजी कसा परत गेला, कसा धीराचा.

त्यांनी मला हातानं थांबवलं. म्हणाल्या, "सकवार, टाक बघून तुम्ही एकदा एकाला मेला म्हणालात. तो जिवंत निघाला. आता टाकच दाखवून माझ्याला मेला म्हणताय?"

मी म्हटलं, तसं नव्हे, त्यांनी स्वतः पाहिलंय.

"कोणी? तुझ्या नवऱ्यानं? तो खरं बोलतो काय?"

पाथरवट छिन्नी हातात धरून उभाच होता. मग त्या हळूच म्हणाल्या, जणू मलाच समजावत होत्या, "पळपुटा म्हणत होते, सरी, बरं आहे, म्हणू दे की. मी एक दिवस वाईट वाटून घेतलं नाही. पळालेला माणूस कुठंतरी जेवत असतो, ग. मी रोज पान वाढताना म्हणायची, आज काय जेवला असेल. तू मला त्याचं मढं आणून दिलंस, आणि सगळे उठून सलाम करताहेत."

खंडेनवमीला दार का लावून घ्यायच्या, तेही मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळी गल्ली देवळात, रस्ता रिकामा. लाजून तो एरवी दिवसाउजेडी येणार नाही, आला तर त्याच दिवशी येईल. आत त्याच्यासाठी जेवण करायची मी. बाहेर कोणी बघू नये म्हणून दार लावायची."

घाटगे तिथनं उठून निघून गेले. मी बसून राहिले. तुमच्यावरचा राग इतकी वर्षं मला पुरला होता, त्या दिवशी तो कुठं ठेवू हे मला कळेना. मी त्या बाईला न्याय द्यायला गेले आणि तिचं पोर मारून आले. तिनं मला दोष दिला नाही. उठताना माझ्या खांद्याला धरून उठली.

आता दगडावर वर एक खडबडीत जागा आहे. तुमचं नाव गेलंय आणि उमाजीचं येऊ देत नाहीत. म्हातारे शिपाई त्या रिकाम्या जागेलाच हात लावून जातात. घाटगेंनी माझ्याकडे येऊन लग्नाची तारीख काढायला सांगितलं, विमला विचार करतेय.

कुंकू मी पुसलेलं नाही. तुमच्यासाठी नव्हे. ते आहे तोवर गल्ली तुम्हाला विसरणार नाही. तुम्हाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. मध्यरात्री जाग आली तर आजही माझे दात आवळलेले असतात.

पण येऊ नका. सोयराबाई रोज बाजारातनं येताना माझ्या दाराशी थांबतात आणि विचारतात, "तुझा येतोय काय ग?" मी नाही म्हणते. मग त्यांचा चेहरा सैल होतो आणि दोन केळीची पानं माझ्या उंबऱ्यावर ठेवून त्या जातात. तुमची तार मी चुलीत घातली. तुम्ही आलात की त्या तुमच्यासमोर येऊन उभ्या राहतील आणि माझा उमाजी कुठंय म्हणून विचारतील, आणि मला भीती वाटते की या वेळी तुम्ही खरं बोलाल.

सकवार